बॉबिनवरचे बुवा

दूध उतू गेलं नाही, एवढंच काय ते त्या सकाळी धड झालं. सुरुवात मात्र नेहमीसारखीच होती. सून एका हाताने डबा भरत होती आणि दुसऱ्या हाताने केसांत पिन खोचत होती. खिडकीपाशी काकू मांडीवर कुणाची तरी करडी पँट घेऊन बसल्या होत्या. कोपऱ्यातल्या स्टुलावर प्लेयरवर तबकडी फिरत होती आणि बुवा चेलो वाजवत होते.

"पहिली बाजू संपत आली गं," काकू खाली मान घालूनच म्हणाल्या.

"ऐकतेय आई. झालंच माझं."

सून बसच्या आगारात वेळापत्रकं बघायची. दिवसभर घड्याळाशीच संसार, त्यामुळे घरात आल्यावर तिला घड्याळाचं तोंड बघवत नसे. सकाळची सगळी धावपळ ती बुवांच्या भरवशावर करायची. बाजू सुरू झाली की गॅस पेटवायचा आणि संपायच्या आत डबा, आंघोळ, वेणी उरकायची. शेवटचा लांब सूर विरला की ती चपला घालून दाराबाहेर. लग्न होऊन घरात आली तेव्हा पहिले काही दिवस तिला वाटायचं, आतल्या खोलीत कुणी आजारी माणूस कण्हतंय की काय. विचारायचं कसं म्हणून बिचारी गप्प राहिली. आता मात्र बुवांशिवाय तिच्या हातून साधी वेणीसुद्धा चटकन पडत नसे.

त्या दिवशी बाजू संपायच्या आधीच दार वाजलं.

बाहेर लाँड्रीवाले शेठ उभे होते. रफूचं काम इतकी वर्षं त्यांच्याकडूनच यायचं, पण कपड्यांचं गाठोडं आणायचा त्यांचा माणूस. शेठ स्वतः दारात, ही काही साधी गोष्ट नव्हती.

"अगबाई! तुम्ही?" काकू म्हणाल्या. "दुकान उचलून नेलं की काय कोणी?"

"कोण नेतोय काकू! इस्त्रीसकट न्यावं लागेल." शेठ खुर्चीच्या कडेवर टेकले. काखेतली पिशवी त्यांनी मांडीवर घेतली आणि घराकडे एक नजर टाकली. "चहा छान झालाय हां सूनबाईंचा."

"शेठ, मी अजून टाकलासुद्धा नाही," सून म्हणाली.

शेठनी कान खाजवला. मग पिशवीतून एक काळा कोट काढला, खिशाची कड उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "हे जरा बघता का?"

काकूंनी आधी बोट फिरवलं. त्यांची सवयच ती. रफू आधी बोटाने बघायचं, मग डोळ्याने. बोटाला काही लागलं नाही.

"टाका उठून आलाय का?"

"नाही नाही."

"मग सुटलाय?"

"सुटेल कसा? तुमचंच काम आहे. हात लावून पत्ता लागत नाही." शेठ खाकरले. "काकू, कोट काळा आहे."

"मग मी कुठे पांढरा म्हणतेय?"

"आणि धागा निळा आहे."

तबकडी संपली होती. सुई शेवटच्या रेषेत टकटक करत होती, पण ती उचलायला कुणीच उठलं नाही. काकूंनी कोट डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. खरं तर रफूला धागा त्याच कापडाचा काढायचा असतो, शिवणीच्या आत शिंपी जी माया सोडतो तिच्यातून. या कोटाला आत माया उरलीच नव्हती, म्हणून काकूंनी आपल्या डब्यातली रिळं काढली होती आणि त्यातलं काळं निवडलं होतं. आता त्यांनी डब्यातली काळी वाटणारी दोन रिळं शेजारी शेजारी ठेवली. त्यांना दोन्ही एकसारखीच दिसली.

"हे निळं आहे आई," सुनेने एका रिळावर बोट ठेवलं. आवाज तिने मुद्दाम मऊ ठेवला होता, आणि तेच काकूंना जास्त लागलं.

शेठ चहा न पिताच उठले. दारात थांबून म्हणाले, "गिऱ्हाईकाला मी सांभाळून घेतलंय. पण काकू, मोतीबिंदू काढून घ्या आता. तोवर रफू घेत नाही मी, आणि दुसऱ्या कुणाला देणारही नाही. लोकांना सांगीन, थांबा जरा, आमचा हात सुट्टीवर गेलाय."

काकूंनी दोन्ही रिळं डब्यात टाकून झाकण लावलं.

ऑपरेशनला त्यांनी नकार दिला होता असं नव्हे. मागच्या खेपेला गेल्या होत्या की! डोळ्यांत थेंब घातले, टेबलावर निजवलं, डॉक्टरीणबाई गोड बोलल्या. मग तोंडावर ते हिरवं कापड आलं. डोळ्यापुरतं भोक, बाकी सगळा चेहरा झाकलेला. काकू अशा की थंडीतसुद्धा खिडकी उघडी टाकून निजणार आणि नाकावर पांघरूण आलं तर झोपेतसुद्धा भिरकावणार. कापड आलं मात्र, त्या ताडकन उठून बसल्या. "मला श्वास कोंडतो," म्हणाल्या आणि त्या हिरव्या झग्यातच बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. घरी त्या प्रसंगाची थट्टा झाली. काकूंनीच सुरुवात केली, दुसऱ्याने करण्याआधी आपण केलेली बरी. पण पुन्हा तारीख घ्यायचं नाव निघालं की त्यांना कुठलं तरी अर्धवट काम आठवायचं.

शेठ गेले, सूनही गेली. घरात काकू आणि बुवा उरले.

हे बुवा घरात आले त्याला काकांचा हात लागलेला. काका म्हणजे काकूंचे यजमान; ते लोकांची बिऱ्हाडं हलवायच्या ट्रकवर कामाला होते. एकदा एका वयस्क बाईंचं सामान त्यांनी हलवलं. बाई वाद्य शिकवायच्या आणि आता मुलाकडे राहायला निघाल्या होत्या. काकांनी कपबशा स्वतःच्या सदऱ्यांत गुंडाळून नेल्या, एकीलाही चीर गेली नाही. बाईंनी खूश होऊन हा प्लेयर आणि तीन तबकड्या त्यांच्या हातात ठेवल्या. तिन्ही एकाच माणसाच्या. "दुसऱ्या कुणाच्या नाहीत?" काकांनी विचारलं, तर म्हणाल्या, "हा मिळाल्यावर दुसरा लागत नाही."

घरी आणून लावली, तर काका कान टवकारून म्हणाले, "वरच्या मजल्यावर कपाट सरकवतायत का गं?"

कव्हरवरच्या फोटोत एक टक्कल पडलेला माणूस दोन गुडघ्यांत हे भलंमोठं, व्हायोलिनसारखं वाद्य धरून डोळे मिटून बसला होता. नाव जिभेला वळेना. मोठे नावाजलेले होते म्हणे, देशोदेशी त्यांच्या बैठका व्हायच्या. काका म्हणाले, "गाणारे असोत की वाजवणारे, एवढं डोळे मिटून बसतात ते सगळे बुवाच." तेव्हापासून ते बुवा.

काकूंनाही पहिल्याने त्यात काही कळलं नाही. पण टाकून कशाला द्यायचं म्हणून काम करताना लावायच्या. एकदा असंच एका शर्टाची कॉलर भरताना त्यांना ऐकू आलं, की वाजवायच्या आधी बुवा नाकातून श्वास घेतात. चांगला मोठा, दमून आलेल्या माणसाने पायरीवर बसताना घ्यावा तसा. आणि त्यानंतर गज तारेवर पडतो. अरे, हा माणूस आहे की! कामाला बसलाय. त्या दिवसापासून काकूंनी आपला पहिला टाका बुवांच्या श्वासानंतरच घालायचा असं ठरवून टाकलं. ठरवलं म्हणजे काय, हाताला तशी खोडच लागली.

मग हळूहळू एकेक गोष्ट ऐकू यायला लागली. गज एका टोकाला पोचतो, तिथून त्याला परतायचंच असतं. तो काही न संपणारा नव्हे. पण बुवा तो कुठे वळवतात, हे काकूंना कितीही कान देऊन सापडत नसे. सूर आपला सलग. "अहो, हे रफू करतात!" त्या काकांना म्हणाल्या होत्या. "धागा गेला, धागा परत आला, पण वळण दिसतंय का बघा." काका म्हणाले, "तुझीही सुई, त्यांचीही सुई. तुमचं जमायचंच."

तीन तबकड्यांत एक चीज दोनदा होती. पहिल्या तबकडीवर बुवा तरुण होते आणि तिसरीवर म्हातारे. तरुण बुवा सगळं स्वच्छ, झपाझप वाजवायचे, नव्या शिंप्याने पाटी लावल्यावर शिवावं तसं. म्हातारे बुवा मध्येच थांबायचे. एके ठिकाणी तर इतके थांबायचे की तबकडी बिघडली असं वाटावं, आणि मग तोच सूर पुन्हा, पण हलक्या हाताने. काकूंचा जीव तिसरीवर. काका गेले त्या वर्षी बरेच दिवस प्लेयर झाकून ठेवला होता. मग एका सकाळी त्यांनी तीच लावली. बुवा थांबतात तिथे काकूही सुई हातात धरून थांबल्या. बुवांनी पुन्हा सुरुवात केली, तेव्हा काकूंनीही केली. त्या दिवशी एक बाही पुरी झाली. त्या माणसाने आपल्याला कामाला लावलं, असं त्या म्हणत. दुसरं कुणी काही बोललं असतं तर त्या रडत बसल्या असत्या.

आणि तिसऱ्या कव्हरवर आणखी एक गंमत होती, ती फक्त काकूंना ठाऊक. फोटोत बुवांच्या कोटाचं उजवं कोपर रफू केलेलं होतं. गज ओढून ओढून तिथेच कापड विरणार, दुसरीकडे कुठे? कुणीतरी फार नेटकं भरलं होतं, पण फोटोवाल्याचा दिवा नेमका तिथे पडला होता. एवढा मोठा माणूस नवा कोट सहज घेऊ शकला असता. तरी जुनाच घालून बसला, आणि त्याच्या घरात कुणाला तरी ते कोपर भरावंसं वाटलं. काकूंना त्या न पाहिलेल्या हातांबद्दल फार माया होती.

शेठ गेल्यावर काकूंनी ते कव्हर काढलं. खिडकीशी नेलं, मग दारात नेलं, तिथे ऊन थेट पडत होतं. त्यांना बाही दिसली. कोपर दिसलं. रफू मात्र दिसेना.

संध्याकाळी सून आली तर सासूबाई कव्हर मांडीवर घेऊन बसलेल्या. चपला काढायच्या आत म्हणाल्या, "तारीख घे. पण मी त्या कापडाखाली निजेन असा शब्द देत नाही. मला स्वतःचाच भरवसा नाही."

सुनेने पर्स ठेवली. मग म्हणाली, "आई, बुवा सुरू झाल्यावर तुम्ही कधी हलल्याचं आठवतंय का तुम्हाला? मागे मी भांड्यांची मांडणी पाडली होती, तरी तुम्ही मान वर केली नव्हतीत."

"मांडणी तुझी, मी कशाला मान वर करू?"

"थट्टा नको. डॉक्टरांना विचारते, तिथे बुवा लावू द्याल का म्हणून."

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "खुशाल लावा. आमच्याकडे लोक क्रिकेटची कॉमेंट्री लावतात." प्लेयर काही तिथे नेता येणार नव्हता. मग सुनेने बुवांचं नाव एकेक अक्षर जुळवून फोनवर शोधलं. सापडलं! तेच वादन, तेच कव्हर, खरखर काढून लख्ख केलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने प्लेयरऐवजी फोन लावला आणि गॅस पेटवला.

काकूंनी सुई उचलली होती. रफू बंद असलं तरी घरची फाटकी उशी कुणाच्या बापाची! श्वास आला, पण तो येऊन कधी गेला ते कळेपर्यंत गज तारेवर पडलासुद्धा. काकूंची सुई तशीच हवेत राहिली.

"हे बुवा नव्हेत."

"बुवाच आहेत आई, नाव बघा."

"नाव असेल. पण ह्यांना कुठेतरी गाडी गाठायचीय. आणि आवाज असा बारीक का? सर्दी उतरल्यासारखा?"

सून हसली. पण थोड्या वेळाने तिचंच हसू गेलं. फोनवरची बाजू संपली होती, आणि तिचा डबा अजून भरायचा होता, वेणी व्हायची होती. असं कधी झालं नव्हतं. बसची वेळापत्रकं बघणारी बाई ती, गाडी वेळेआधी पोचली तर तिला ती उशिरा पोचण्याइतकीच खुपते. तिने आगारात फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं. प्लेयरवर तिसरी तबकडी लावली, शेजारी फोनवर तेच वादन, दोन्ही एकदम सुरू केलं. पहिल्या ओळीतच घरचे बुवा मागे पडले. आणि मागे पडतच गेले.

"आई, आपला प्लेयर कधी उघडला होता का?"

"ह्यांनी एकदा. आणल्यावर थोड्याच दिवसांत बंद पडला होता तेव्हा."

सुनेने तबकडी उचलली, खालची थाळी उचलली. आत मोटरच्या दांडीवर, जिथून रबरी पट्टा जातो तिथे, शिवणयंत्राची एक बॉबिन घट्ट बसवलेली होती. मूळची चकती बहुधा तुटली असावी. बॉबिन त्या चकतीपेक्षा थोडी बारीक, म्हणून थाळी इतकी वर्षं थोडी सावकाश फिरत होती, आणि बुवाही थोडे सावकाश, थोडे खालच्या आवाजात वाजवत होते.

काकू बघत राहिल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"माझी बॉबिन! अगं, सगळं घर उलथंपालथं केलं होतं मी हिच्यासाठी! शेठच्या माणसावरसुद्धा संशय घेतला. आणि हे? हे माझ्याबरोबर पलंगाखाली वाकून शोधत होते, टॉर्च घेऊन! 'इथे नाही गं, इथेही नाही!'"

दोघी हसल्या त्या हसतच राहिल्या. शेवटी काकूंनी डोळे पुसले, आणि ते नुसत्या हसण्याने ओले झालेले नव्हते.

"म्हणजे आपण चुकीचंच ऐकत होतो की आई," सून म्हणाली. "खरे बुवा हे फोनवरचे. मूळच्या मापाची चकती मिळते का बघू? दुरुस्त करून घेऊ."

काकूंनी प्लेयरवर हात ठेवला, कुणी उचलून नेईल अशा बेताने.

"खरे असतील ते. लोकांनी वाखाणले ते तेच. मी फोनवर ऐकीनही अधूनमधून, बरं वाटेल त्यांना. पण मला जो श्वास ऐकू आला ना, तो ह्या बॉबिनमुळे. एवढ्या घाईत माझ्यासारखीला कुठला ऐकू यायला? बुवांनी वाजवलं आणि ह्यांनी ते माझ्या हाताच्या वेगाला आणून दिलं. दोघांनाही ठाऊक नाही. मी आपली आयती बसलेय दोघांच्या मध्ये."

सुनेने मग वाद घातला नाही. तिने थाळी परत बसवली, खिडकी लावून घेतली, फोन प्लेयरजवळ ठेवला आणि घरचे बुवा फोनमध्ये भरून घेतले, खरखरीसकट, बॉबिनसकट. मध्ये एकदा काकूंनी नाक ओढलं तेही त्यात आलं. "राहू दे," काकू म्हणाल्या. "साथीला कुणी नव्हतंच बुवांच्या."

ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर शेठही येऊन बसले होते. दुकान कोण बघतंय विचारलं, तर म्हणाले, "इस्त्री बघतेय." काकूंनी त्यांना तो काळा कोट कुठे आहे ते विचारून घेतलं. कोट दुकानात टांगलेला होता, गिऱ्हाईक थांबायला तयार झालं होतं. "निळा मीच काढणार," काकू म्हणाल्या, आणि आत गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी ओळखलं. "काय आजी, या वेळी पळायचं नाही हां."

"दार कुठे आहे ते बघून ठेवलंय मी."

"बघू द्या, बघू द्या. परत जाताना जास्त छान दिसेल."

थेंब घातले. टेबल गारगार होतं. सुनेचा फोन नर्सने उशाजवळच्या ट्रेवर ठेवला. मग ते हिरवं कापड आलं. तोंडावर पसरलं, नाकावर टेकलं, आणि काकूंच्या छातीत तेच सुरू झालं, मागच्यासारखंच. हात आपोआप वर यायला निघाले. त्यांनी मुठी आवळल्या, पण मुठी त्यांचं ऐकेनात.

तेवढ्यात कानाशी खरखर सुरू झाली. त्यांच्याच घरची खरखर, खिडकीशेजारच्या स्टुलावरची. आता थोड्याच वेळात बुवा बसतील. कोट अंगात असेल, कोपर भरलेलं असेल.

काकूंनी मुठी सोडल्या.

"आजी, तयार?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "करू सुरू?"

"आत्ता नको," कापडाखालून काकू म्हणाल्या. "हे वाजवायच्या आधी एक श्वास घेतात. तो ऐकू आला की मग सुरू करा."